तारीख आधी, यादी नंतर: ऑपरेटिंग सिस्टीमच्या रिलीजचं वेळापत्रक कसं बसवतात

ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमची पुढची आवृत्ती कधी येणार, असं विचारलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं. "तयार झाली की" किंवा "ऑक्टोबरमध्ये". पहिलं उत्तर जबाबदारीचं वाटतं, दुसरं जरा उतावळं. काम पुरं झाल्याशिवाय लोकांच्या हातात देऊ नये, यात वावगं ते काय? तरीही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक मोठ्या प्रकल्पांनी पहिलं उत्तर सोडून दुसरं धरलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हात पोळल्यावर. असं का झालं, आणि तारीख ठरवायची म्हणजे नेमकं काय काय ठरवायचं, ते पाहू.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लिनक्सवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम एकाच टीमने लिहिलेली नसते. कर्नल (हार्डवेअर चालवणारा गाभा) एकांचा, डेस्कटॉप (खिडक्या-मेनूंचा दर्शनी भाग) दुसऱ्यांचा, कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) तिसऱ्यांचा, ब्राउझर चौथ्यांचा. हे सगळं गोळा करायचं, एकमेकांशी जुळवायचं, वर इन्स्टॉलर बसवायचा आणि लोकांना द्यायचं, हे डिस्ट्रिब्युशनचं काम. डेबियन या डिस्ट्रिब्युशनमध्ये अशी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) हजारोंनी आहेत आणि ती सांभाळणारे बहुतांशी स्वयंसेवक आहेत. प्रकल्प त्यांना पगार देत नाही, त्यामुळे हुकूमही सोडू शकत नाही. रिलीज मॅनेजर नावाचं पद असतं, पण त्या माणसाच्या हातात छडी नसते. "हे काम या महिन्यात झालंच पाहिजे" असं तो फार तर मेलमध्ये लिहू शकतो. पुढचं सगळं या एका अडचणीतून निघतं.

मारुतीचं शेपूट

डेबियनची ३.० आवृत्ती, टोपणनाव 'वुडी', जुलै २००२ मध्ये आली. पुढची ३.१, 'सार्ज', आली जून २००५ मध्ये. मध्ये जवळजवळ तीन वर्षं गेली. कोणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. जुना इन्स्टॉलर सांभाळण्यापलीकडे गेला होता, म्हणून नवा लिहायला घेतला होता. सार्ज अकरा प्रकारच्या प्रोसेसरांवर चालायला हवी होती आणि त्या सगळ्यांसाठी सुरक्षेचे अपडेट वेळेत तयार होतील अशी यंत्रणाही उभी करायची होती. प्रत्येक काम खरं होतं, गरजेचं होतं.

घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. समजा रिलीज 'इन्स्टॉलर झाला की' होणार आहे. इन्स्टॉलरला सहा महिने लागणार म्हटल्यावर डेस्कटॉप सांभाळणारा म्हणतो, वेळ आहेच तर मी नवी आवृत्ती घेतो. नवी आवृत्ती नवी लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) मागते. त्या लायब्ररीवर अवलंबून असलेली इतर पॅकेजेस पुन्हा बिल्ड करावी (कोडपासून नव्याने बनवावी) लागतात, त्यातली काही बिल्डच होत नाहीत. ती दुरुस्त होईपर्यंत इन्स्टॉलर तयार होतो, पण आता डेस्कटॉप मोडलेला असतो. तो सावरेपर्यंत कर्नल जुना झालेला असतो, नव्या लॅपटॉपचं वायफाय त्यात चालत नाही, म्हणजे कर्नल बदलायला हवा. कर्नल बदलला की इन्स्टॉलर पुन्हा तपासायला हवा. यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते आणि कोणत्याही एका दिवशी पाहिलं तर प्रत्येक जण शहाण्यासारखाच वागत असतो.

वापरणाऱ्यांची कोंडी याहून वाईट. तीन वर्षं जुनं सॉफ्टवेअर चालवायचं, की अजून रिलीज न झालेली टेस्टिंग आवृत्ती वापरायची? पुष्कळांनी दुसरा रस्ता धरला.

लिनक्स कर्नलचीही अशीच एक तऱ्हा झाली होती. २.४ जानेवारी २००१ मध्ये आला आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. दरम्यान नवं काम २.५ या प्रयोगाच्या मालिकेत चालू होतं. डिस्ट्रिब्युशनांना ग्राहक थांबू देईनात, म्हणून त्यांनी २.५ मधली हवी ती कामं उचलून आपापल्या २.४ मध्ये बसवली. नाव सगळीकडे २.४, आत मात्र प्रत्येकाचं वेगळं. हायकू हा याहून खूप लहान प्रकल्प. बीओएस या जुन्या सिस्टीमचा वारसा चालवायला तो २००१ मध्ये सुरू झाला. त्याची चौथी अल्फा (अगदी कच्ची चाचणी आवृत्ती) नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाली आणि पहिली बीटा (त्याहून पक्की चाचणी आवृत्ती) सप्टेंबर २०१८ मध्ये. या सहा वर्षांत पॅकेज व्यवस्थापनासारखं मोठं काम झालं, पण नवं काही हवं असेल तर रोज रात्री आपोआप बनणारी कच्ची बिल्ड वापरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गाडी थांबत नाही

दुसऱ्या पद्धतीला या क्षेत्रातली मंडळी 'ट्रेन' म्हणतात. गाडी ठरल्या वेळी सुटते. प्लॅटफॉर्मवर असाल तर बसा, नसाल तर सहा महिन्यांनी पुढची आहेच. एखादं फीचर तयार नसेल तर रिलीज थांबत नाही, फीचर मागे राहतं.

ओपनबीएसडी हा ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रकल्प १९९६ पासून हेच करत आला आहे. दर सहा महिन्यांनी एक आवृत्ती, साधारण मे आणि नोव्हेंबरच्या आसपास, आणि प्रत्येक वेळी क्रमांक ०.१ ने पुढे. क्रमांकात मानापमान नाही. काम थोडं झालं तरी ०.१, डोंगराएवढं झालं तरी ०.१. ग्नोम डेस्कटॉपने २००२ च्या २.० नंतर सहा महिन्यांचा ठेका धरला. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या उबुंटू या डिस्ट्रिब्युशनची पहिली आवृत्ती आली तिला क्रमांकच ४.१० दिला: २००४ सालचा दहावा महिना. तारीख नावातच घातल्यावर चुकवायची सोय उरत नाही.

या पद्धतीची खरी कसोटी ग्नोम ३ च्या वेळी लागली. ते मार्च २०१० मध्ये येणार असं आधी ठरलं होतं. तयार नव्हतं. पण मार्च चुकला नाही: त्या महिन्याच्या शेवटी २.३० नावाची साधी, नेहमीची आवृत्ती निघाली. सप्टेंबरमध्येही तेच, २.३२. अखेर ३.० एप्रिल २०११ मध्ये आलं. पूर्ण एक वर्ष उशीर, पण या वर्षात ग्नोमवर विसंबलेल्या एकाही डिस्ट्रिब्युशनचं गाडं त्यामुळे अडलं नाही. जुनी व्यवस्थाच असती तर ते वर्ष सगळ्यांना रिकामं गेलं असतं.

याचा एक परिणाम माणसांच्या वागण्यावर होतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढची संधी केव्हा येईल याचा भरवसा नसेल तर मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) आपलं अर्धंकच्चं काम याच आवृत्तीत घुसवायला जिवाचा आटापिटा करतो. त्याच्या जागी कोणीही करेल, कारण ही चुकली तर तीन वर्षं. पुढची संधी सहा महिन्यांवर आहे हे पक्कं माहीत असलं की "राहू दे, पुढच्या वेळी" म्हणणं सोपं जातं. ज्याच्या हातात छडी नाही त्या रिलीज मॅनेजरलाही "नाही" म्हणता येतं, आणि ते "नाही" त्याचं नसतं, कॅलेंडरचं असतं. कॅलेंडरशी भांडायला कोणी जात नाही. निदान फार वेळ तरी नाही.

मार्टिन मिखलमायर काही वर्षं डेबियनचे प्रकल्पप्रमुख होते. त्यांनी पुढे केंब्रिज विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली (२००७). त्यांच्या मांडणीचा गाभा साध्या शब्दांत असा: तारीख ठाऊक असली की जगभर विखुरलेले लोक एकमेकांना सतत न विचारता आपापलं काम आखू शकतात. भाषांतर करणाऱ्याला कळतं कधी मोकळं राहायचं, कर्नलवाल्याला कळतं कोणती आवृत्ती धरायची, पुस्तिका लिहिणाऱ्याला कळतं स्क्रीनशॉट कधी काढायचे. शंभर बैठकांचं काम एक तारीख करते.

किती महिन्यांनी, कोणत्या वारी

सहा महिने हा आकडा वरून पडलेला नाही. अंतर फार कमी ठेवलं तर तपासणीतच सगळा वेळ जातो आणि नवं काही घडत नाही. फार जास्त ठेवलं तर "ही चुकली तर संपलं" ही भीती परत येते. आणखी एक ओढ बाहेरची असते: ज्यांच्या सॉफ्टवेअरवर आपण उभे आहोत त्यांचा ठेका. ग्नोम मार्च आणि सप्टेंबरमध्ये येतं, उबुंटू एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. हे जाणूनबुजून केलेलं आहे. ताजा डेस्कटॉप घ्यायचा, महिनाभर तपासायचा, बाहेर काढायचा. तुमची तारीख ग्नोमच्या पंधरा दिवस आधी पडली तर तुम्ही कायम साडेपाच महिने जुना डेस्कटॉप देत राहाल.

मग माणसांच्या सुट्ट्या. डिसेंबरच्या अखेरीस जगातले बरेच विकसक जागेवर नसतात. त्या आठवड्यात रिलीज ठेवणं म्हणजे इन्स्टॉलर बिघडला तर फोन उचलायला कोणी नाही. वाराचंही तसंच आहे. उबुंटू गुरुवारी निघते, फेडोरा हे दुसरं डिस्ट्रिब्युशन मंगळवारी: नोकरी म्हणून काम करणारे पुष्कळ आहेत, काही बिघडलं तर हाताशी कामाचे दिवस हवेत. डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्या शनिवारी आल्या, कारण स्वयंसेवकांना मोकळा वेळ मिळतो तो शनिवारी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स कर्नल बहुधा रविवारी काढतात. रिलीजचा वार पाहिला की तो प्रकल्प कोणाच्या जिवावर चालतो याचा अंदाज बांधता येतो.

शेवटाकडून सुरुवातीकडे

वेळापत्रक उलटं लिहायचं असतं. सव्वीस आठवडे आहेत असं धरू आणि शेवटच्या दिवसापासून मागे येऊ.

रिलीजच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काहीही बदलायचं नाही. डाउनलोडच्या फाइल्स काही गीगाबाइटच्या असतात आणि त्या जगभरच्या मिरर (प्रती ठेवणाऱ्या) सर्व्हरांवर पोचायला वेळ लागतो. घोषणा आधी आणि फाइल नंतर असं झालं तर पहिल्या तासात सर्व्हर गुडघे टेकतात. त्याच्या मागचा आठवडा अंतिम फ्रीझचा, म्हणजे बदल गोठवण्याचा: फक्त गंभीर दोष, तेही प्रत्येक बदल दुसऱ्या माणसाने पाहिल्यावर. त्यामागे तीन-चार आठवड्यांवर बीटा. बीटा उशिरा निघाली तर लोकांनी सांगितलेले दोष दुरुस्त करायला वेळच राहत नाही आणि ती नुसती शोभेची ठरते.

बीटाच्या थोडं आधी स्क्रीनवरचा मजकूर आणि बटणांची जागा गोठवायची. हा फ्रीझ प्रोग्रामरना नेहमी क्षुल्लक वाटतो. एका मेनूतलं एक वाक्य सुधारलं तर काय बिघडलं? बिघडतं असं की ते वाक्य पन्नास भाषांत पुन्हा भाषांतरित करावं लागतं, आणि भाषांतर करणारे ते आधीच करून मोकळे झालेले असतात. परिणामी उरलेल्या सगळ्या भाषांच्या मेनूत मधेच एक इंग्रजी ओळ लटकत राहते.

त्याहून मागे, रिलीजच्या आधी सुमारे आठ आठवडे, फीचर फ्रीझ. इथून पुढे नवीन काही आत येत नाही, आहे ते दुरुस्त होतं. उबुंटू २४.०४ च्या वेळी फीचर फ्रीझ २९ फेब्रुवारी २०२४ ला होता आणि रिलीज २५ एप्रिलला. मोजून आठ आठवडे. म्हणजे सहा महिन्यांच्या चक्रात नवं काम करायला जेमतेम चार महिने. नवख्या प्रकल्पांची हमखास फसगत इथे होते: ते सहा महिने कामाला धरतात आणि तपासणी शेवटच्या आठवड्यात कोंबतात.

आणि सर्वात मागे, चक्राच्या पहिल्या महिन्यातच, मुळांना हात घालणारी कामं: कंपायलर, सी लायब्ररी, पायथॉनची नवी आवृत्ती. याचं कारण तपशिलात पाहण्यासारखं आहे. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती जुन्याशी सुसंगत नसेल तर तिच्यावर उभं असलेलं प्रत्येक पॅकेज पुन्हा बिल्ड करावं लागतं. समजा अशी तीनशे पॅकेजेस आहेत. दोनशे नव्वद निमूटपणे होतात. दहा अडतात: कुठे एखादं फंक्शन काढून टाकलेलं असतं, कुठे चाचणी नापास होते, कुठे मूळ लेखकाने दोन वर्षांत मेलला उत्तर दिलेलं नसतं. या दहांचा निकाल लागेपर्यंत उरलेली दोनशे नव्वदही पुढे सरकवता येत नाहीत, कारण अर्धी जुन्या लायब्ररीवर आणि अर्धी नव्या, अशी सिस्टीम देता येत नाही. डेबियनमध्ये याला ट्रान्झिशन म्हणतात. फ्रीझच्या तोंडावर असं एक सुरू झालं तर वेळापत्रकाचा बोऱ्या वाजलाच म्हणून समजा.

म्हणूनच डेबियन आता एकदम गोठत नाही, पायरीपायरीने गोठतं. बारावी आवृत्ती 'बुकवर्म' घ्या. १२ जानेवारी २०२३ पासून नवी ट्रान्झिशन बंद. १२ फेब्रुवारीपासून छोटे, नेमके बदल तेवढे चालतील. १२ मार्चपासून महत्त्वाची पॅकेजेस परवानगीशिवाय हलणार नाहीत. २४ मेपासून सगळंच बंद. १० जूनला रिलीज. पाण्याचा नळ हळूहळू आवळत न्यावा तसा हा प्रकार.

कर्नलची पद्धत याहून सुटसुटीत. आवृत्ती निघाली की दोन आठवडे दार उघडं, त्याला मर्ज विंडो म्हणतात. सगळं नवं काम या दोन आठवड्यांत आत येतं. मग दार बंद, आणि पुढे दर आठवड्याला एक रिलीज कँडिडेट, बहुधा सात, कधी आठ. एकूण नऊ-दहा आठवडे. दार उघडण्यापूर्वीच काम तयार आणि तपासलेलं असावं अशी अपेक्षा असते. शेवटच्या दिवशी घाईने काहीतरी पाठवणाऱ्यांवर टोरवाल्ड्स कसे बरसतात हे सर्वश्रुत आहे.

एक चाचणी वेळापत्रकात मुद्दाम लिहून ठेवावी लागते, नाहीतर राहते: जुन्या आवृत्तीवरून नवीवर अपग्रेड. कोऱ्या डिस्कवर इन्स्टॉल करून सगळेच पाहतात. तीन वर्षं वापरलेल्या, हाताने चार फाइल्स बदललेल्या, बाहेरून दोन पॅकेजेस आणून बसवलेल्या मशिनवर अपग्रेड करून पाहायला कोणी उत्सुक नसतं. आणि बहुतेक वापरणारे नेमके तसेच मशिन घेऊन येतात.

आणि तरीही उशीर झाला तर

होतो. प्रश्न असतो तो कसा होतो याचा. फेडोराचं उत्तर मला सर्वात स्वच्छ वाटतं. रिलीज रोखण्याइतका दोष कोणता, याचे निकष आधीच लिहून ठेवलेले असतात: इन्स्टॉलर अमुक परिस्थितीत चाललाच पाहिजे, डेस्कटॉप सुरू झालाच पाहिजे, वगैरे. निकष मोडणारा दोष म्हणजे ब्लॉकर. रिलीजच्या आधी 'गो / नो-गो' बैठक होते. उघडा ब्लॉकर असेल तर नो-गो, आणि तारीख साधारण एका आठवड्याने पुढे. "दोन दिवस द्या, होतंय" हा सूर तिथे चालत नाही, कारण दोन दिवसांचे पुढे पंधरा होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस फेडोरा ३७ दारात उभी असताना ओपनएसएसएल (इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी लायब्ररी) प्रकल्पाने जाहीर केलं की १ नोव्हेंबरला एका गंभीर दोषाची दुरुस्ती येणार आहे. दोष काय ते तोपर्यंत गुपित. दोष आहे हे माहीत असलेली लायब्ररी घालून इमेज (डाउनलोडची फाइल) बाहेर काढायची की थांबायचं? फेडोरा थांबली आणि १५ नोव्हेंबरला आली. दुरुस्ती आली तेव्हा दोष भीती होती तेवढा भयंकर निघाला नाही, पण निर्णय घेतला त्या दिवशीच्या माहितीवर तो बरोबरच होता.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण दुसऱ्या बाजूचं उदाहरण. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या मशिनवर शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. खोदत गेल्यावर एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजात कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवलेली सापडली. उबुंटू २४.०४ ची बीटा आठवड्यावर आली होती. ती एक आठवडा पुढे ढकलून संशयाच्या काळात बनलेली पॅकेजेस नव्याने बिल्ड केली. २५ एप्रिल मात्र हलला नाही. बीटा आणि रिलीज यांच्या मध्ये ठेवलेली मोकळी जागा असल्याच वेळी कामाला येते. कागदावर ती वाया गेलेली दिसते आणि नवा व्यवस्थापक आला की पहिल्यांदा तीच छाटायला निघतो.

उबुंटूची एक आवृत्ती खरोखर चुकली: ६.०६. ती ६.०४ व्हायची होती. दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी ती पहिलीच आवृत्ती, म्हणून जास्त घासूनपुसून द्यायची असं ठरलं आणि एप्रिलऐवजी १ जून २००६ ला निघाली. उशीर कायमचा नावात कोरला गेला. पण पुढची आवृत्ती डिसेंबरवर गेली नाही, ६.१० ऑक्टोबरमध्येच आली. चक्र आखूड झालं, त्यात कमी काम बसलं, बस. एका उशिराचं कर्ज पुढच्या चक्राच्या डोक्यावर चढवायचं नाही.

काही कामं मात्र सहा महिन्यांत मावतच नाहीत, आणि गाडीच्या पद्धतीचा कच्चा दुवा तो हाच. फेडोरा १८ मध्ये इन्स्टॉलरचा दर्शनी भाग नव्याने लिहिला. आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये अपेक्षित होती, एकेक आठवडा करत १५ जानेवारी २०१३ ला आली. जुन्याकडे परतायची वाट सोपी नव्हती, म्हणून फीचर मागे ठेवून गाडी सोडता येईना. फेडोरात कोणताही मोठा बदल सुचवताना अर्जात एक रकाना भरावा लागतो: हे वेळेत झालं नाही तर माघार कशी घ्यायची आणि ते कोणत्या तारखेपर्यंत ठरवायचं. ज्या कामाला हा रकाना भरता येत नाही ते वेगळ्या ब्रांचमध्ये (कोडच्या बाजूच्या फांदीत) राहिलेलं बरं, मग दोन चक्रं लागोत की चार.

जुन्या आवृत्त्यांचं ओझं

वेळापत्रकाची चर्चा नव्याची होते, खर्च जुन्याचा असतो. दर सहा महिन्यांनी एक आवृत्ती आणि प्रत्येकीला अठरा महिने सपोर्ट, याचा अर्थ कोणत्याही दिवशी तीन आवृत्त्या जिवंत. एखाद्या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला की तोच पॅच तीनदा बसवायचा, आणि तो तिन्हीकडे सारखा बसत नाही, कारण खालचा कोड वेगळा असतो. उबुंटूने २०१३ मध्ये १३.०४ पासून साध्या आवृत्त्यांचा सपोर्ट अठरा महिन्यांवरून नऊवर आणला तो याच हिशेबाने. ज्यांना सारखं अपग्रेड नको त्यांच्यासाठी दर दोन वर्षांनी पाच वर्षं चालणारी एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टची) आवृत्ती असते. जुन्या एलटीएसवरून नव्या एलटीएसवर जा, असं मशिन पहिल्याच दिवशी सुचवत नाही. सुमारे तीन महिन्यांनी पहिली दुरुस्त आवृत्ती निघते, मग सुचवतं.

फेडोराचा नियम मला हुशारीचा वाटतो: एखादी आवृत्ती तिच्यानंतरची दुसरी आवृत्ती आल्यावर महिनाभरापर्यंत चालते, म्हणजे एकूण साधारण तेरा महिने. मधली एक आवृत्ती सोडून वर्षातून एकदाच अपग्रेड करणारा माणूस त्यात बरोबर बसतो. ओपनबीएसडी फक्त शेवटच्या दोन आवृत्त्या सांभाळतं. लहान टीम, स्पष्ट नियम.

आर्च लिनक्स किंवा ओपनसूझ टंबलवीड यांनी आवृत्ती हा प्रकारच काढून टाकला. तिथे नवं सतत येत राहतं. जुन्याचं ओझं नाही, पण तपासणी संपत नाही: टंबलवीडमध्ये प्रत्येक नवा संच ओपनक्यूए नावाच्या स्वयंचलित चाचण्यांतून पास झाला तरच बाहेर पडतो. असं यंत्र हाताशी नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

तारीख कोण ठरवणार

जुलै २००९ मध्ये डेबियनने जाहीर केलं की यापुढे दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये फ्रीझ, आणि पहिला याच डिसेंबरमध्ये. कल्पना वाईट नव्हती. पण ती वार्षिक परिषदेत जाहीर झाली आणि अनेक मेंटेनरना ती तेव्हाच कळली. आपल्याला विचारलंच नाही म्हणून गदारोळ झाला आणि डिसेंबर २००९ ची तारीख मागे घ्यावी लागली. तो फ्रीझ अखेर ऑगस्ट २०१० मध्ये झाला. पुढे 'जेसी' या आवृत्तीच्या वेळी फ्रीझची तारीख सुमारे वर्षभर आधी सांगितली, ५ नोव्हेंबर २०१४, आणि ती पाळली. आदल्या 'व्हीझी'चा फ्रीझ दहा महिने रेंगाळला होता, जेसीचा सहा महिन्यांच्या आत आटोपला. एक बारकावा इथे सुटू नये: डेबियन आजही आधीपासून सांगतं ती फ्रीझची तारीख. रिलीजची तारीख गंभीर दोष आटोक्यात आल्यावरच जाहीर होते. सुरुवातीच्या दोन उत्तरांपैकी कोणतं त्यांचं, असं विचारलं तर दोन्ही.

दोन-चार माणसांच्या प्रकल्पाला हीच वाट मी सुचवेन. वर्षाला एकच आवृत्ती. आधी फक्त फ्रीझची तारीख जाहीर करायची, कारण ती पाळणं आपल्या हातात असतं. फ्रीझनंतर चार आठवडे फक्त दुरुस्ती. रिलीज रोखणाऱ्या दोषांचे निकष पाच ओळींत, दोष सापडण्यापूर्वी लिहिलेले. आणि रिलीजच्या दिवशीच त्या आवृत्तीचा सपोर्ट कधी संपणार तेही लिहून टाकायचं. ही शेवटची तारीख लिहायला सगळे कचरतात, पण ती लिहिली नाही तर पाच वर्षांनी कोणीतरी तुमच्या पहिल्या आवृत्तीतला दोष घेऊन येतं, आणि "ती आम्ही आता सांभाळत नाही" असं म्हणायला तुमच्याकडे कुठला आधार नसतो.